केसाहून पातळ पडदा

विमानतळावर सामान ताब्यात घेताना खिडकीमागचा कर्मचारी एक प्रश्न हमखास विचारतो, "बॅगेत पॉवर बँक आहे का?" असली, तर ती बाहेर काढून हातातल्या सामानात ठेवायला लावतात. कात्री आणि चाकू यांच्या बाबतीत नियम नेमका याच्या उलट आहे. त्या वस्तू हातात नकोत, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत टाका, असे सांगतात. आता तुम्हीच विचार करा. पॉवर बँक किंवा सुटी बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून तर हा नियम आहे. मग अशी वस्तू माणसांपासून दूर ठेवण्याऐवजी माणसांच्या मांडीवर का ठेवायला सांगतात?

वर्गात हा प्रश्न घातला की बहुतेक विद्यार्थी नियम चुकला आहे असेच म्हणतात. नियम चुकलेला नाही. पण तो पटण्यासाठी आपल्याला फोनमधला विद्युतघट उघडून आत डोकावले पाहिजे. अर्थात कागदावर! खराखुरा घट कोणीही, कोणत्याही कारणाने उघडू नये. का, ते पुढे येईलच.

घटाच्या पोटात

अळूवडी कशी करतात ते तुम्ही पाहिले असेल. पानावर बेसनाचे सारण पसरायचे, त्यावर दुसरे पान, पुन्हा सारण, आणि मग सगळ्याची घट्ट गुंडाळी. फोनमधील लिथियम-आयन घट हा अशाच गुंडाळीचा एक प्रकार आहे. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप दिलेला असतो. ही झाली ऋण पट्टी. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडचा लेप असतो. ही धन पट्टी. दोन्हींच्या मध्ये अतिसूक्ष्म छिद्रे असलेला प्लॅस्टिकचा पडदा घालतात, सगळ्याची गुंडाळी करतात, ती चपटी दाबतात, एका पिशवीत घालतात, त्यात द्रव सोडतात आणि पिशवीचे तोंड बंद करतात.

घट भारित करताना लिथियमचे आयन धन पट्टीतून निघतात, पडद्याच्या छिद्रांतून पलीकडे जातात आणि ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. फोन वापरू लागलो की ते आल्या वाटेने परततात. इलेक्ट्रॉनांना मात्र पडद्यातून वाट नाही. त्यांना बाहेरच्या मंडलातून, म्हणजे फोनच्या यंत्रणेतून वळसा घालून जावे लागते, आणि त्या वळशातच आपले काम होते. पडद्याचे सारे महत्त्व इथे आहे. आयनांना वाट द्यायची आणि दोन पट्ट्यांना एकमेकींना शिवू द्यायचे नाही, ही दोन्ही कामे तो करतो. आणि हा पडदा किती जाड असतो? सुमारे १० ते २० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस याच्या कित्येक पट जाड असतो.

आतला द्रव पाण्याचा का नाही? घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी मिसळलेले आम्ल चालते, मग इथे का चालू नये? पाण्याच्या विद्युत अपघटनाचा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. सुमारे १.२३ व्होल्टच्या पुढे पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होऊ शकते. लिथियम घट तर पावणेचार व्होल्टच्या आसपास काम करतो. तिथे पाणी टिकणार नाही. म्हणून कार्बनी द्रावक वापरावे लागतात, आणि ते ज्वलनशील असतात. जास्त व्होल्टेजचा फायदा आणि आगीचा धोका अशी ही एकाच दोरीची दोन टोके आहेत.

अकिरा योशिनो या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये आपल्या घटावर लोखंडाचे वजन वरून टाकून पाहिले होते. त्याआधीचे, लिथियम धातू वापरणारे घट अशा आघाताने पेट घेत. योशिनोंच्या घटाने पेट घेतला नाही. त्यातूनच पुढे १९९१ मध्ये लिथियम-आयन घट बाजारात आले. योशिनो, गुडइनफ आणि व्हिटिंगहॅम या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एक कप चहा

सॅमसंग कंपनीचा गॅलेक्सी नोट ७ हा फोन ऑगस्ट २०१६ मध्ये विक्रीस आला. त्याच्या घटाची क्षमता ३,५०० मिलिअँपिअर-तास आणि सरासरी व्होल्टेज ३.८५. दोहोंचा गुणाकार करा: ३.५ × ३.८५ म्हणजे सुमारे १३.५ वॅट-तास. ज्यूलमध्ये ही ऊर्जा सुमारे ४८,५०० भरते. एक कपभर, म्हणजे १५० ग्रॅम पाणी २५ अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४७,००० ज्यूल लागतात. एका पूर्ण भारित फोनमध्ये एक कप चहाचे आधण येईल एवढी ऊर्जा आहे म्हणायची!

ही ऊर्जा बारा तासांत खर्च झाली तर सरासरी शक्ती होते एक वॅटच्या थोडी वर. फोन जेमतेम कोमट लागेल. पण समजा, तीच ऊर्जा १० सेकंदांत बाहेर पडली. मग शक्ती होईल जवळजवळ पाच किलोवॅट, म्हणजे दोन मोठ्या गीझरांहून अधिक, आणि तीही तळहाताएवढ्या पिशवीत. पडदा फाटून दोन पट्ट्या भिडल्या की हेच घडू पाहते. याला लघुपथन किंवा बोली भाषेत शॉर्ट सर्किट म्हणतात.

पण नुसत्या लघुपथनावर गोष्ट संपत नाही. खरा घोटाळा त्यानंतर सुरू होतो.

ओलसर गवताची गंजी रचून ठेवली तर ती आतून तापते आणि कधी कधी आपोआप पेटते, हे शेतकऱ्यांना ठाऊक असते. कोणी काडी लावलेली नसते. आत उष्णता निर्माण होण्याचा वेग आणि ती बाहेर जाण्याचा वेग यांची शर्यत असते, इतकेच. न्यूटनच्या शीतलीकरणाच्या नियमाप्रमाणे उष्णता बाहेर जाण्याचा वेग तापमानातील फरकाच्या प्रमाणात वाढतो. रासायनिक अभिक्रियांचा वेग मात्र, एका ढोबळ नियमाने, दर १० अंशांना दुप्पट होतो. आता केवळ समजण्यासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. खोलीचे तापमान ३० अंश. ४० अंशांना घट १० भाग उष्णता बाहेर टाकतो आणि आत निर्माण होते १ भाग. ५० अंशांना बाहेर जाते २०, निर्माण होते २. ७० अंशांना ४० विरुद्ध ८. अजून काळजीचे कारण नाही. ९० अंशांना ६० विरुद्ध ३२. १०० अंशांना ७० विरुद्ध ६४. आणि ११० अंशांना? बाहेर जाते ८०, निर्माण होते १२८!

आलेख-कागदावर या दोन रेषा काढून पाहा. एक सरळ आहे, दुसरी वर वळणारी. त्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या बिंदूपलीकडे घट स्वतःच स्वतःला तापवतो आणि जितका तापतो तितका अधिक वेगाने तापतो. यालाच अभियंते थर्मल रनअवे म्हणतात. आपण उष्णतेची बेबंद वाढ म्हणू. खऱ्या घटात सुमारे १०० अंशांच्या आसपास ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर तुटू लागतो. पॉलिएथिलीनचा पडदा १३० अंशांच्या सुमारास वितळतो, मग लघुपथन जागोजागी होते. सुमारे २०० अंशांपुढे धन पट्टीतील ऑक्साइडचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटू लागतो. जळण्यासाठी इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता या तीन गोष्टी लागतात असे तुम्ही शिकला आहात. हा घट तिन्हींची शिदोरी बरोबर घेऊनच आलेला असतो.

एक फोन, दोन दोष

आता नोट ७ ची हकीकत पाहू. विक्री सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत फोन पेटल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. २ सप्टेंबर २०१६ रोजी कंपनीने विक्री थांबवली आणि सुमारे २५ लाख फोन बदलून देण्याचे जाहीर केले. तोवर तक्रारी आल्या होत्या ३५. एवढ्याशा तक्रारींसाठी २५ लाख फोन, हे तुम्हाला अति वाटेल. मला ते योग्यच वाटते. विमानात, झोपेत, उशीजवळ असा एक फोनही पुरतो.

कंपनी या फोनसाठी दोन कारखान्यांकडून घट घेत होती. पहिल्या कारखान्याचे घट सदोष दिसले म्हणून दुसऱ्याचे घट बसवलेले फोन ग्राहकांना देण्यात आले. ५ ऑक्टोबरला अमेरिकेतील लुईव्हिल येथे विमान सुटण्यापूर्वी असा एक बदलून मिळालेला फोन धूर ओकू लागला आणि सर्व प्रवाशांना उतरवावे लागले. आणखीही फोन पेटले. ११ ऑक्टोबरला कंपनीने या फोनचे उत्पादन कायमचे बंद केले.

इथे तुम्ही तपास करणारे असता तर कोणता निष्कर्ष काढला असता? दोन वेगळ्या कारखान्यांचे घट पेटतात. दोहोंत समान काय, तर फोन. म्हणजे दोष फोनमध्ये, बहुधा घट भारित करणाऱ्या मंडलात! त्या वेळी अनेकांनी असाच तर्क केला, आणि तो मुळीच वेडगळ नव्हता. पण तर्क प्रयोगावर घासून पाहावा लागतो. सुमारे दोन लाख फोन आणि तीस हजार सुटे घट घेऊन पुन्हा पुन्हा भारित-विभारित करण्यात आले. फोनच्या बाहेरचे सुटे घटही बिघडले. म्हणजे फोन निर्दोष होता.

२३ जानेवारी २०१७ रोजी निष्कर्ष जाहीर झाला. पहिल्या कारखान्याच्या घटात पिशवीचा वरचा उजवा कोपरा गुंडाळीला पुरेशी जागा देत नव्हता, त्यामुळे तिथे ऋण पट्टीची कड वाकून दाबली जात होती. वापरात घट किंचित फुगतो आणि आक्रसतो, आणि त्या दाबाखाली कोपऱ्यातला पडदा हार खात होता. दुसऱ्या कारखान्याच्या घटात कोपऱ्याची अडचणच नव्हती. तिथे धन पट्टीला जोड देताना झाळकामाचे अणकुचीदार कंगोरे राहून गेले होते. काही घटांत तर त्यांवर चिकटवायची रोधक पट्टीच बसवलेली नव्हती. कंगोरा पडद्यातून आरपार जाऊन ऋण पट्टीला भिडत होता. थोडक्यात, रोग एकच दिसत होता, कारणे दोन होती. पहिल्या कारणावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडणे शक्यच नव्हते.

माझ्या मते या दोन दोषांना बांधणारा धागा एकच आहे, आणि तो म्हणजे जागेची काटकसर. फोन पातळ हवा, घट मात्र मोठा हवा. मग पडदा आणखी पातळ करायचा, पिशवी आणखी घट्ट करायची. जाड पडद्यात एखादा कंगोरा अडून राहिला असता. पातळ पडद्यापाशी चुकीला माफी उरत नाही. पुढे जुलै २०१७ मध्ये कंपनीने परत आलेल्या आणि न विकलेल्या फोनांतून नव्या नावाने काही फोन कोरियात विकले, तेव्हा त्यांतल्या घटाची क्षमता ३,५०० वरून ३,२०० वर आणली होती.

या प्रकरणाची किंमत काय पडली? २०१६ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत कंपनीच्या मोबाइल विभागाचा नफा वर्षापूर्वीच्या सुमारे २.४ लाख कोटी वॉनवरून सुमारे १० हजार कोटी वॉनवर आला. याला आणखी एक कारण होते. २००७ मध्ये नोकिया कंपनीच्या बीएल-५सी या बॅटऱ्यांपैकी ४ कोटी ६० लाखांबाबत अशीच सूचना निघाली होती. तुमच्या आईबाबांना विचारा, फोनचे झाकण नखाने उघडून बॅटरीवरचा क्रमांक तपासल्याचे त्यांना कदाचित आठवेल. तेव्हा फक्त बॅटरी बदलून भागत होते. नोट ७ पाण्यापासून सुरक्षित राहावा म्हणून चिकटवून बंद केलेला होता. बोटाएवढ्या घटासाठी अख्खा फोन परत घ्यावा लागला. परत पाठवण्यासाठी अमेरिकेत ग्राहकांना आग रोखणारी खोकी देण्यात आली, आणि ती विमानाने नव्हे, जमिनीवरूनच पाठवायची होती.

मध्यंतरी कोरियात या फोनांचे सॉफ्टवेअर बदलून घट ६० टक्क्यांपर्यंतच भारित होईल अशी व्यवस्था केली होती. कारण उघड आहे. घट जितका अधिक भारित, तितकी त्यातली ऊर्जा अधिक आणि धन पट्टी तितकी अस्थिर.

विमानात

विमानांना हा धोका नोट ७ मुळे प्रथम कळला असे नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू बोइंग ७४७ विमानात आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्यांचे मोठे साठे होते. धुरामुळे वैमानिकांना समोरची उपकरणेही दिसेनात. विमान कोसळले आणि दोघेही दगावले. जानेवारी २०१३ मध्ये तर बोइंग ७८७ या नव्या विमानांच्या स्वतःच्याच बॅटऱ्या तापून बिघडल्या आणि जगभरची ही विमाने एप्रिलपर्यंत जमिनीवर बसून राहिली. त्यांत एअर इंडियाची ६ होती. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय बंदी आली. मालवाहू विमानांतून नेताना त्या ३० टक्क्यांहून अधिक भारित नसाव्यात असे ठरले. नोट ७ वर तर ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेने विमानात आणण्यासच पूर्ण बंदी घातली.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. विमानाच्या पोटातील सामानाच्या कप्प्यात आग विझवण्यासाठी हॅलॉन वायू सोडण्याची सोय असते. हॅलॉन ज्योतीतील रासायनिक साखळी तोडतो, ज्योत विझते. पण तो घटाला थंड करत नाही. आतली शर्यत चालूच राहते. तापलेला घट शेजारच्या घटाला तापवतो आणि थोड्या वेळाने पुन्हा भडका उडतो. उड्डाण चालू असताना त्या कप्प्यात कोणी माणूस जाऊ शकत नाही. प्रवाशांच्या कक्षात मात्र शेकडो नाके आणि डोळे असतात, आणि पाणी असते. २३ सप्टेंबर २०१६ रोजी सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात नेमके हेच घडले. आसनांवरच्या कप्प्यातून धूर येताना प्रवाशांना दिसला. तिथे सॅमसंगचाच एक जुना नोट २ फोन ठिणग्या टाकत होता. कर्मचाऱ्यांनी आधी अग्निशामक मारला, मग फोन पाण्याच्या भांड्यात टाकून प्रसाधनगृहात ठेवला. विमान सुखरूप उतरले.

"पण सर, लिथियम आणि पाणी?" असे तुम्ही विचाराल. सोडियमचा तुकडा पाण्यावर कसा नाचतो ते तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. लिथियम त्याच्याच कुटुंबातला आहे. खरे आहे. पण या घटात लिथियम बहुतांशी आयनरूपात इतर पदार्थांच्या पोटात असतो, मोकळा धातू अगदी थोडा. शिवाय पाण्याची विशिष्ट उष्णता मोठी असल्याने ते घटाला आणि त्याच्या शेजाऱ्यांना झपाट्याने गार करते. हा फायदा कितीतरी मोठा आहे. बर्फ मात्र वापरू नये अशी सूचना असते. बर्फाचे खडे घटाला मोजक्या बिंदूंनीच टेकतात, मधल्या हवेतून उष्णता नीट वाहत नाही आणि ती कोंडून राहते. घरी फोन भारित होत असताना असे घडले, तर पाण्याआधी भिंतीवरचा वीजपुरवठा बंद करायचा, आणि मोठ्यांना हाक मारायची.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसान कंपनीचे विमान उड्डाणाच्या तयारीत असताना आसनांवरच्या बंद कप्प्यात आग लागली. विमानातील सर्व १७६ जण बाहेर पडले, पण विमानाचे छत जळून गेले. एखाद्या पॉवर बँकेतील रोधन निकामी झाले असावे, असे तपासात पुढे आले. कप्प्याच्या झाकणाआड धूर उशिरा दिसतो. म्हणून १ मार्च २०२५ पासून त्या देशात पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायलाही मनाई झाली. ती हाताशी, डोळ्यांसमोर हवी.

घरी पॉवर बँक असेल तर तिच्यावरचे आकडे वाचा. सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची आहे; त्याहून मोठी असल्यास विमान कंपनीची परवानगी लागते, आणि १६० च्या वर असल्यास नेताच येत नाही. २०,००० मिलिअँपिअर-तास लिहिले असल्यास त्याला ३.७ व्होल्टने गुणा, ५ व्होल्टने नव्हे, कारण ती क्षमता आतल्या घटांची असते. उत्तर येईल ७४ वॅट-तास. चहाच्या कपांत ते किती होतात, हे तुम्हीच काढा.

विमान सुटण्यापूर्वी आणखी एक सूचना बऱ्याचदा देतात, आणि तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. फोन आसनाच्या फटीत पडला तर आसन मागेपुढे करू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा. आसनाखालच्या लोखंडी सांगाड्यात फोन चेपला, तर आत दहा-वीस मायक्रॉनच्या त्या पडद्याचे काय होईल ते आता तुम्हाला वेगळे सांगायला नको.